कोपर आणि मनगटाच्या मधोमध

येसूबाईंचा डावा हात मी फिल्मवर ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, “पऱ्याच्या पाण्यात कपडे धूत होते, पाय घसरला माजा.”

त्यांना घेऊन आलेला शेजारी भागोजी दाराशी उभा होता. “घसरला म्हणे! शिवाने मारलान तिला, बाय. पोटच्या पोराने. वरडणं ऐकलंय मी.”

“बघितलंस?” येसूबाईंनी विचारलं.

भागोजीने नकारार्थी मान हलवली.

ही १९८६ची गोष्ट. फिजिक्समध्ये बी.एस्सी. होऊन मी रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढत होते. फिल्म धुऊन पाहिली. कोपर आणि मनगटाच्या मधोमध, करंगळीच्या बाजूचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी शिकवलं होतं: पडताना माणूस तळहात टेकतो, तेव्हा हाड मोडतं ते बहुधा मनगटापाशी. असं मधेच मोडतं ते वार अडवायला हात वर केला की.

मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते. नुसता मुका मार असता तर पोलिसांनी अदखलपात्र म्हणून नोंद केली असती आणि येसूबाईंना कोर्टाची वाट दाखवली असती. मोडलेल्या हाडाची दखल त्यांना घ्यावी लागणार होती.

प्लास्टर घालून झालं तोवर डॉक्टरांनी बोलावलेले हवालदार आले. मी फिल्म उजेडाला लावून सगळं समजावलं.

“बहुधा म्हणालात ना?” त्यांनी विचारलं.

“हो. बहुधा.”

“मग बाईंचा जबाब लागेल. तुमचं हाड काय कोर्टात उभं राहून बोलणार आहे?”

येसूबाई फिल्मकडे बघत होत्या. “ह्यात शिवाचं नाव दिसतं, बाय?”

“नाही, आजी. पण तुम्ही सांगितलंत तर—”

“आणि त्याला नेलात, तर मला पेज कोण वाढील? तुमचा कायदा वाढील?”

हवालदारांनी ‘पाय घसरून पडल्याने’ असं लिहिलं, वाचून दाखवलं आणि अंगठा घेतला.

फिल्म काढायला मी हात वर केला. बाकावरच्या येसूबाईंनी झटकन मान खाली घातली आणि प्लास्टरमधला हात तोंडासमोर धरला. कोपर आणि मनगटाचा मधला भाग बरोबर माझ्याकडे.

तो हात मी, हवालदार आणि दारातला भागोजी, तिघांनीही पाहिला. हवालदारांनी शाईच्या डबीचं झाकण लावलं.

येसूबाईंनी सावकाश हात खाली घेतला.

“भागोजी,” त्या म्हणाल्या, “एस्टी किती वाजता रे?”