एकच नीट आलेला फोटो

“हलू नका!” ताई जोरात ओरडल्या, आणि लाल शर्टातला बचावपटू खरंच जागच्या जागी थांबला.

चेंडू त्याच्या शेजारून आरामात गेला आणि जाळ्यात जाऊन बसला. बचावपटूचा फोटो मात्र झकास आला. दोन्ही हात सरळ, हनुवटी वर, चेहऱ्यावर शाळकरी आज्ञाधारकपणा. नशीब, सामना सरावाचा होता.

“ताई, आम्हाला हलावं लागतं हो,” कप्तान धापा टाकत म्हणाला.

“सवय रे बाबा. एकतीस वर्षं दुसरं काही बोललेच नाही. श्वास घ्या, रोखा, हलू नका.”

एकतीस वर्षं त्यांनी सरकारी हॉस्पिटलात एक्स-रे काढले होते, बिनखिडकीच्या खोलीत, जाड काचेमागे उभं राहून. निवृत्त होऊन दोन महिने झाले, घरातली सगळी कपाटं लावून झाली, आणि नवऱ्याचं कपाट तिसऱ्यांदा लावायला घेतलं तेव्हा त्यानेच हात जोडले. त्याच आठवड्यात औषधांच्या दुकानात फुटबॉल क्लबच्या सेक्रेटरींनी त्यांना गाठलं. दुकान सेक्रेटरींचंच. क्लबचा फोटो काढणारा भाचा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला होता आणि फुकटात काम करणारं माणूस हवं होतं.

“आयुष्यभर फोटोच तर काढलेत तुम्ही,” सेक्रेटरी म्हणाले.

“हाडांचे काढलेत.”

“मग आता हाडांवरच्या माणसांचे काढा!”

ताईंना हसू आलं आणि तिथेच त्या फसल्या. भाच्याचा जुना कॅमेरा गळ्यात आला, क्लबचा लाल बिल्ला आला, आणि दर रविवारी मैदानाच्या कडेला उभं राहणं आलं. खरं सांगायचं तर त्यांना ते फार आवडलं. ऊन अंगावर घेत, गवताचा वास घेत उभं राहायचं, आणि समोरचा एकही माणूस विव्हळत नाही! एवढं सुख त्यांना नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

फोटो मात्र येईनात. चार सामने झाले. तीनशे-तीनशे फोटो काढायचे आणि घरी येऊन जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसायचं. नवरा चहाचा कप घेऊन मागे उभा राहायचा.

“यात चेंडू कुठाय?”

“गेला.”

“आणि हा पाय कोणाचा?”

“कोणाचा का असेना. गुडघा बघा किती सुरेख आलाय.”

दर गुरुवारी त्यातले दहा-बारा फोटो क्लबच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लागायचे आणि इंटरनेटवरच्या पानावरही जायचे. खेळाडू गुणी होते. “छान आलाय हं ताई माझा कोपर,” असं म्हणून पुढे जायचे. ताईंना कळत का नव्हतं? एक, निदान एक तरी फोटो असा यावा की लोक थांबून बघतील, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हातारपणी नवा नाद लावून घेतला की माणूस पोराहून पोर होतं.

आणि उपांत्य सामन्यात तो आला.

क्लबच्या गोलकीपरला सगळे कुलूप म्हणायचे. बाजारात त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं, आणि गोलमध्ये उभा राहिला की समोरच्याला दार उघडायचं नाही. वय चाळीस. बावीस वर्षं एकाच क्लबकडून खेळला, पण अंतिम सामना त्याच्या नशिबी कधी आला नव्हता. त्या दिवशी शेवटच्या मिनिटाला प्रतिस्पर्ध्याने त्याच्या उजव्या कोपऱ्यात उंच चेंडू मारला. कुलूपने उजवीकडे झेप घेतली, आणि कसं कोण जाणे, डावा हात डोक्यावरून पार पलीकडे नेऊन चेंडू बाहेर ढकलला. मैदानावर एकच कल्ला झाला. ताई काही ओरडल्या नाहीत. स्वतःचाच श्वास रोखून त्यांनी बटण दाबलं होतं.

छोट्या पडद्यावर फोटो बघताच त्यांनी तिथूनच सेक्रेटरींना फोन लावला.

“आला हो! नीट आला! चेंडूसकट!”

“अंतिम सामन्याच्या आधी हाच लावायचा, अख्ख्या फळ्यावर!” सेक्रेटरी तिकडून ओरडले.

घरी आल्यावर त्यांनी फोटो मोठा केला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. एकतीस वर्षांची नजर चेंडूवर ठरेना, ती सांध्यांवर गेली. चेंडू उजवीकडे, झेप उजवीकडे, मग जवळचा उजवा हात कुठे होता? तो कोपरात दुमडून छातीला चिकटला होता. त्यांनी त्या दिवसाचे कुलूपचे सगळे फोटो उघडले. डावा हात हवा तसा वर जात होता. उजवा एकाही फोटोत कानाच्या वर गेला नव्हता.

“काय झालं गं?” नवऱ्याने विचारलं.

“खांदा,” ताई म्हणाल्या, आणि त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या किल्ल्यांच्या दुकानात गेल्या. हातभर दुकान, भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. कुलूपने वरच्या रांगेतली एक किल्ली डाव्या हाताने काढली, मशीनमध्ये अडकवली आणि वर पाहिलं.

“या ताई. कुलूप अडकलं की काय?”

“अडकलंय खरं. उजवा खांदा कधीपासून वर जात नाही?”

त्याने मशीन बंद केलं. रस्त्यावर डोकावून पाहिलं.

“तीन महिने झाले. शटर उघडताना काहीतरी सटकलं. बायकोलाही सांगितलं नाही.”

“डॉक्टरला?”

“ते खेळू नको म्हणतील. रविवारचा एक सामना होऊ द्या ताई, मग मी हातमोजे खिळ्याला टांगतो. दुसरा गोलकीपर आहे कोण आपल्याकडे?” मग त्याने आवाज खाली आणला. “तो फोटो लावू नका. आपल्या लोकांना त्यात नुसती कमाल दिसेल. पण रविवारच्या पलीकडच्या क्लबचा तो कोच आहे ना, गणिताचा मास्तर, तो आपल्या पानावरचा एकेक फोटो मोठा करून बघतो. त्याला कळलं की उजवीकडे वर मारायचं, तर संपलंच सगळं.”

ताई स्टुलावर बसल्या. आपल्या आयुष्यातला एकमेव नीट आलेला फोटो त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. तरी त्या म्हणाल्या,

“एका पेशंटची प्लेट मी दुसऱ्याला कधी दाखवली नाही. तुझं गुपित माझ्याकडून बाहेर जाणार नाही, शब्द देते. पण सामना झाला की पुढच्या सोमवारी सकाळी नऊ वाजता तू हॉस्पिटलात यायचंस. मी सोबत येईन. नाही म्हणालास तर आत्ताच्या आत्ता तुझ्या बायकोकडे जाते.”

“तिच्याकडे नको,” कुलूप घाईघाईने म्हणाला. “येतो.”

सेक्रेटरींना गप्प बसवणं मात्र सोपं नव्हतं. फोटो आलाय हे ताईंनी स्वतःच्याच तोंडाने सांगून ठेवलं होतं. त्याच दिवशी त्यांचा फोन आला, मंगळवारी दोन आले. बुधवारी ते स्वतःच दारात उभे राहिले.

“ताई, अंत बघू नका. जो तो त्या फोटोचं विचारतोय. आज संध्याकाळी पाठवा, नाहीतर मी कॅमेरा घेऊन जातो आणि माझ्या हाताने शोधतो.”

“पाठवते,” ताई म्हणाल्या.

नवरा दुपारची डुलकी काढत होता. ताईंनी फोटो उघडला आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलवून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग नोकरीच्या एकतीस वर्षांत जे एकदाही हातून होऊ दिलं नव्हतं, ते त्यांनी एका क्लिकमध्ये केलं, आणि फोटो सेक्रेटरींना धाडून दिला. त्या उठल्या आणि नवऱ्याचं कपाट लावायला लागल्या.

गुरुवारी फळ्यासमोर ही गर्दी! अर्ध्या फळ्याएवढा फोटो, हवेत आडवा झालेला कुलूप, बोटांच्या टोकावर चेंडू, मागे आपल्या मैदानावरची पाण्याची टाकी. लोक थांबून बघत होते. “ताई, मानलं बुवा!” कप्तान म्हणाला. सामन्याची वेळ ठरवायला आलेले पलीकडच्या क्लबचे गणिताचे मास्तरही तिथेच होते. चष्मा कपाळावर सरकवून, नाक फोटोला लागेल इतके जवळ जाऊन ते बघत होते.

“फार सुंदर फोटो,” ते म्हणाले. “फारच.”

तेवढ्यात कुलूप आला. त्याने फोटोतला छातीला चिकटलेला तो हात पाहिला, मास्तरांचं नाक पाहिलं, आणि तो पांढराफटक पडला. गर्दीतून वाट काढत तो ताईंजवळ आला.

“शब्द दिला होतात,” तो हळूच म्हणाला.

ताईंना सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण मास्तर दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

“रविवारी तू खेळ,” एवढंच त्या म्हणाल्या.

“खेळतो. हसं करून घ्यायचंय ना.” तो पाठ फिरवून निघून गेला. ताईंना फार लागलं ते. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, आणि नवऱ्याने चक्क एकही विनोद केला नाही.

अंतिम सामना आपल्याच मैदानावर होता. कुलूपने ताईंकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही बाजूंनी एकेक गोल झाला आणि गोष्ट पेनल्टीवर गेली. प्रत्येक संघाचे पाच फटके. कसे कोण जाणे, पलीकडचे पहिले चारही फटके कुलूपच्या डाव्या बाजूलाच आले. पहिला त्याने अडवला. पुढचे दोन आत गेले, चौथा बारला आपटून बाहेर गेला. आपल्यांनीही दोन घालवले होते, पण पाचवा आत घातला आणि एका गोलने पुढे गेले. आता पलीकडच्यांचा शेवटचा फटका राहिला. तो अडवला की करंडक आपला.

त्यांचा कप्तान चेंडू ठेवायला वाकला. रेषेबाहेर मास्तर उभे होते. त्यांनी स्वतःच्या डाव्या खांद्यावर दोनदा बोटांनी टकटक केलं. ताईंनी ते पाहिलं आणि कॅमेरा खाली सोडला. आता फोटो कसला काढतायत!

फटका बसला. उंच, कडक, कुलूपच्या डाव्या कोपऱ्यात. कुलूपने त्याच बाजूला झेप घेतली, डावा हात पार वरपर्यंत गेला आणि चेंडू त्या पंजावर आपटून गोलबाहेर गेला.

पुढचं काही विचारू नका. सेक्रेटरी औषधाच्या दुकानदाराला शोभणार नाही असे नाचले. नवरा कधी नव्हे तो मैदानात धावला आणि त्याच्या पँटचं बटणच तुटलं. कुलूपला सगळ्यांनी उचलून क्लबच्या खोलीपर्यंत आणलं. तिथे मास्तर हस्तांदोलनाला आले. हरलेला माणूस, पण दिलदार.

“अभिनंदन,” ते कुलूपला म्हणाले. “तुम्ही मला चकवलंत. फोटो चारदा मोठा करून पाहिला मी. पैजेवर सांगितलं असतं की तुमचा डावा हात वर जात नाही म्हणून.”

“डावा?” कुलूप म्हणाला.

“त्या फोटोत बघा ना, छातीला कसा चिकटलाय.”

मास्तर गेले. कुलूप सावकाश फळ्याकडे वळला. त्याच्यामागे सेक्रेटरी गेले आणि त्यांचा सूर एकदम बदलला.

“अरेच्चा! ही पाण्याची टाकी गोलच्या उजवीकडे कशी आली? आपली टाकी तर डावीकडे आहे. ताई! अहो, फोटो आरशातल्यासारखा उलटा लागलाय!”

सगळे पुढे झुकले. खरंच टाकी भलतीकडे होती. छातीवरचा इंग्रजी एकचा आकडा मात्र नुसती उभी रेघ, तो इकडून काय नि तिकडून काय, सारखाच. चार दिवस अख्ख्या क्लबने तो फोटो पाहिला आणि टाकीकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

“उलटा? अगं बाई,” ताई म्हणाल्या आणि चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या.

“एकतीस वर्षं एक्स-रे काढलेत ना? डावं-उजवं तरी बघून घ्यायचं!”

“नवीन आहे हो मी. होते एखादी चूक.”

कुलूपने फोटोकडे पाहिलं, मग ताईंकडे. ताई चष्मा पुसतच होत्या. त्याला हसू आलं, आधी नुसतं ओठांत, मग पोटातून, आणि मग ते थांबेचना. उजवा खांदा डाव्या हाताने घट्ट धरून त्याला शेवटी बाकावर बसावं लागलं, आणि बाकीच्यांना वाटलं, करंडकाचा आनंद झालाय बिचाऱ्याला.