वरच्या मजल्याचं वायफाय

सौंसरच्या बसस्टँडसमोरच्या त्या तीन मजली इमारतीत वायफाय म्हणजे रोजचा वैताग. खाली घरमालक विनायकभाऊंचं कपड्यांचं दुकान, मधे अनुराधाचा कॉम्प्युटर क्लास आणि डॉक्टर तुषारचा दातांचा दवाखाना, वर मुलींचं हॉस्टेल. सगळ्यांना मिळून वायफायचा डबा एकच, तोही दुकानाच्या गल्ल्यामागे. वरच्या मुली ऑनलाइन परीक्षा द्यायला खर्र्याच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेल्या जिन्यात बसायच्या, कारण रेंज तिथवरच यायची. मुलींना त्या घाणीत बसावं लागतं हे पाहून अनुराधाला शिसारी यायची.

म्हणून नवीन यंत्रं निवडायचं काम तिने आनंदाने घेतलं. मोबाईल हातात धरून तिन्ही मजले पालथे घातले, कुठल्या भिंतीआड सिग्नल मरतो ते पाहिलं. विनायकभाऊंना आठ अँटेनांचा एक भलामोठा डबा आवडला होता.

"एकाच डब्यावर सगळ्यांचा भार टाकून भागत नाही, भाऊ," ती म्हणाली. "दर मजल्याच्या छताला एकेक लावू. सगळी एकाच ॲपवरून सांभाळता येतात."

चाचणीसाठी वर लावलेलं यंत्र तिने मोबाईलवर उघडून दाखवलं. जोडलेल्या फोनांची नावं दिसत होती. सर्वांत वर 'चंचलचा फोन'.

विनायकभाऊ पुढे झुकले. तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकला.

"नाव बी दिसते? म्हणजे कोनती पोरगी कधी आली, कधी गेली, मले दुकानात बसल्या बसल्या समजन?"

"ते त्यासाठी नाही, भाऊ."

"अवं, त्यायच्या भल्यासाठीच म्हणून राहिलो. हे चंचल तं रोज उशिरा येते. मी पाहूनच राहतो न."

शेजारी उभा असलेला डॉक्टर तुषार खुदकन हसला. "भाऊचा पहारा लय कडक आहे."

अनुराधाने मोबाईल मागे घेतला. त्या माणसाच्या डोळ्यांपुढे ते नाव तिनेच धरलं होतं.

"पासवर्ड माझ्याकडे राहील," ती म्हणाली.

"इमारत माही, पासवर्ड बी माहाच."

"मग माझ्या मजल्यावर हे लागणार नाही."

ती तशीच वर गेली आणि हॉस्टेल सांभाळणाऱ्या सरलाबाईंना सगळं सांगितलं. सरलाबाई घाबरल्या. "घरमालक आहे, मॅडम. त्याच्याशी कोन भांडन?"

चंचल दारातच उभी होती. "म्हणजे तो आमच्यावर नजर ठेवून राहिला?" तिने विचारलं, आणि तिथल्या तिथे ते वायफाय फोनमधून काढून टाकलं. एकेक करत बाकीच्यांनीही काढलं.

विनायकभाऊंनी पांढुर्ण्याहून माणूस बोलावून तीच यंत्रं बसवून घेतली. अनुराधाने क्लाससाठी वेगळं कनेक्शन घेतलं आणि परीक्षेच्या दिवशी मुलींना खुर्च्या मोकळ्या करून दिल्या.

आठवड्याभराने विनायकभाऊ क्लासच्या दारात आले.

"वरचं चालून नाही राहिलं वाटते, मॅडम. एक बी नाव दिसत नाही."

"चालू आहे. मुलींना ते नको आहे."

"काहून?"

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. लाज नाही, राग नाही. चांगली वस्तू दिली तरी घेत नाहीत, एवढंच. त्याचीच तिला सर्वांत जास्त किळस आली.

"तुम्ही पाहता म्हणून," ती म्हणाली.

ते हसले. थट्टाच वाटली त्यांना. तिने दार लावून घेतलं. आत चंचलचा पेपर सुरू होता.