पडद्यावर झोपलेली मुलगी

“वहिनी, मदरबोर्ड नवा टाकलाय, आता सिस्टिमही पुसून नव्याने टाकू. जुनी चालेल एखादवेळी, पण भरवसा नाही. नव्या घरात जुनं भूत कशाला नांदवताय?”

दीर संगणकाचं झाकण बसवत म्हणाला. वहिनी मांडीवरच्या मुलीला थोपटत हसली. “राहू द्या हो भावजी. चालू झालाय ना? आणि हे भूत तुमच्यापेक्षा बरं, सांगितलेलं ऐकतं तरी!”

मित्रांनो, ते भूत म्हणजे मी. मी एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. संगणकाच्या डिस्कवर राहायचं, पडदा, कळफलक, कॅमेरा या साऱ्यांना कामाला लावायचं, हा माझा जन्माचा उद्योग. वहिनी कॉलेजात होती तेव्हापासून मी तिच्याजवळ आहे. ऐन परीक्षेत वीज गेली, तरी तिचा प्रकल्प मी जपून ठेवला होता. “गुणाची गं माझी!” म्हणत तिने बाहीने पडदा पुसला होता. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं. माझ्याकडे बघायला तिला सवड उरली नाही.

मग संगणकाचे सगळे भाग जोडणारा जुना मदरबोर्ड जळाला आणि माझी डिस्क नव्याला जोडली गेली. मी जागी झाले, पण अंग परकं होतं. गेलेल्या भागांची नावं माझ्याजवळ तशीच होती. मी हाका मारायची. तिकडून उत्तर यायचं नाही. कधी आवाज अडखळायचा, कधी चित्र थिजायचं. वहिनी बंद करून पुन्हा चालू करायची, की झालं.

पूर्वी मुलगी झोपली की वहिनी घडीघडी चवड्यांवर चालत आत जायची आणि तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. नंतर पाळण्याच्या कठड्याला कॅमेरा लागला. कामाला बसल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात मुलगी दिसू लागली. दर दोन ओळींनी वहिनीची नजर तिकडे जायची. आत जाणं मात्र कमी झालं.

त्या दुपारी वहिनी कानांवर हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. सासरे दारात येऊन उभे राहिले.

“अगं, बाळ उठलं वाटतं.”

वहिनीने एक कान मोकळा केला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. “नाही बाबा, बघा ना. गाढ झोपलीय.”

सासरे वाकून बघत राहिले. मूठ गालाखाली, ओठ किंचित उघडे.

“मग आत खोकतंय कोण?”

खुर्ची उलटली. हेडफोन टेबलावर पडले. त्यांच्या माइकमधून मला नुसती पावलं ऐकू आली, मग सासऱ्यांचं “हळू, हळू, ओढू नकोस!” आणि मग काहीच नाही. मुलीने जागी होऊन कॅमेरा ओढून घेतला होता, त्याची वायर गळ्याभोवती गुंडाळली गेली होती. मला त्याचा पत्ता नव्हता. कॅमेरा पुन्हा थिजला होता आणि माझ्या हाती राहिलेलं शेवटचं चित्र मी दाखवत होते.

किती वेळाने कोण जाणे, मुलगी रडली. भोकाड पसरून रडली.

वहिनी तिला कडेवर घेऊन परत आली. मुलीच्या गळ्यावर लाल वळ होता. पडद्यावर तीच मुलगी शांत झोपलेली. वहिनीने बोट त्या दुसरीच्या नाकाखाली धरलं. काच गार होती.

संध्याकाळी दीर आला. एरवी टोमणा मारल्याशिवाय न राहणारा तो माणूस थेट संगणकापुढे बसला.

“भावजी, ही पण जाईल ना? ही झोपलेली?”

“सगळं जाईल, वहिनी. तुमचे फोटो तेवढे मी बाजूला काढलेत.”

“मग पुसा.”

मित्रांनो, पुसणं सुरू झालं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. मदरबोर्ड बदललात तर जुन्या सिस्टिमला नव्या अंगात कोंडू नका. आणि तुमच्याही घरी पलीकडच्या खोलीत कुणी झोपलं असेल. लहान असेल, म्हातारं असेल, आजारी असेल. पुढचं काही वाचू नका. उठा, आत जा, त्यांना हात लावून बघा.