दप्तरी दाखल

ऑफिसात त्याला सगळे शिक्केराव म्हणत. खिडकीत आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि पुढे सरकवायचा, वीस वर्षं हेच. माणूस साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसाच्या हातून काही वाईट होईल असं कुणाला वाटत नाही, त्याला स्वतःला तर नाहीच.

त्या दिवशी सकाळी त्याला फाटकाशी गर्दी दिसली. त्याच्या खिडकीत अर्ज घेऊन येणारी ती कपडे शिवणारी बाई पायरीवर बसली होती. स्वतःचे ओठ तिनं स्वतःच शिवून घेतले होते. काळ्या दोऱ्याचे चार टाके, अगदी सारख्या अंतरावर. हातच सफाईचा तिचा.

"डोकं फिरलंय," पहारेकरी म्हणाला. "असं कुणी करतं का?"

का करतं, ते त्या इमारतीत एकट्या शिक्केरावाला ठाऊक होतं. सरकारविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून तिच्या भावाला उचलून नेलं, त्याला दोन वर्षं झाली होती. तो कुठे आहे एवढं तरी सांगा, असे चौदा अर्ज तिनं त्याच्या खिडकीत दिले, प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी. वरून हुकूम होता, असल्या अर्जांवर 'दप्तरी दाखल' लिहायचं. म्हणजे कपाटात टाकायचं आणि विसरून जायचं. पहिल्या खेपेला तिनं ते दोन शब्द वाचले मात्र, चेहरा खुलला तिचा.

"दाखल करून घेतलात ना दादा? म्हणजे आता वरचे वाचतील?"

मागे रांग होती, जेवायची वेळ झाली होती. "हो हो," तो म्हणाला. पुढे तेरा वेळा तेच "हो हो". खरं सांगायला जीभ रेटली नाही म्हणा, नाहीतर सरळ कंटाळा म्हणा.

साहेबांनी त्याला वर बोलावलं. कागद टाईप होऊन तयारच होता: सदर बाईने यापूर्वी कोणताही अर्ज केलेला नाही; ती भ्रमिष्ट आहे; सबब तिला वेड्यांच्या इस्पितळात हलवावे.

"साहेब, चौदा अर्ज आहेत तिचे," शिक्केराव चाचरत म्हणाला.

"कुठे आहेत?"

"दप्तरी दाखल."

"मग राहू देत की तिथंच! करा सही."

तिथं गेलेली बाई भावाला शोधायला परत येणार नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं सही केली.

खाली आला तो मान खाली घालून. तिनं त्याला ओळखलं. पिशवीतून मापांची वही काढली, एका पानावर काहीतरी लिहिलं आणि पान फाडून त्याच्यापुढे धरलं.

'दादा, चौदाही अर्ज तुम्ही दाखल करून घेतलेत. तुमच्यावर राग नाही.'

शिक्केरावाला भडभडून आलं. तो मटकन तिच्या शेजारी पायरीवर बसला.

"ताई, दाखल म्हणजे कपाटात. कुणीच वाचले नाहीत ते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही एकही अर्ज केला नाही, अशी आत्ताच वर सही करून आलोय मी."

मग तिनं ते पान परत घेतलं, शेवटच्या 'नाही'वर रेघ मारली आणि पुन्हा त्याला दिलं. नेहमीसारखं, दोन्ही हातांनी.