चिकणमातीवरचं डिझेल

डेपो बंद पडून सहा वर्षं झाली, तरी दूधवाला त्यांना अजून टाकीवालेकाकाच म्हणायचा. दुसरं हाक मारायला उरलंच होतं कोण? बायको गेली, लेक लांब नांदत होती. डेपोमागच्या दोन खोल्यांत ते आणि रेडिओ.

म्हणून माती तपासणारी बाई यंत्र घेऊन आली, तेव्हा त्यांनी दोनदा चहा केला. तिनं डिझेलच्या जुन्या टाकीशेजारी दोन भोकं पाडली. वरची माती स्वच्छ निघाली. ती सामान आवरायला लागली.

गप्प राहिले असते तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण काकांनी घसा खाकरला.

"बाई, सांडलं होतं. बारा वर्षांपूर्वी. बायको तापानं फणफणली होती, मी टाकीची झडप उघडी ठेवून घरी पळालो. संध्याकाळी वर वाळू पसरली आणि तोंड बंद ठेवलं."

बाई रागावली नाही. "किती?"

"भरपूर."

"मग ते गेलं कुठं?" तिनं उताराकडे पाहिलं आणि यंत्र थेट काकांच्या परसात आणून उभं केलं.

दोन मीटरवर वास आला. बारा वर्षं उलटली तरी तोच, नाकात जाणारा. नळीतून काळपट, ओलसर चिकणमाती निघाली.

"वरचं थोडं हवेत उडालं, थोडं मातीतल्या जंतूंनी खाल्लं," ती म्हणाली. "बाकीचं खाली झिरपलं. चिकणमाती लागली, तिच्यातून उतरेना, मग तिच्यावरूनच आडवं सरकत इकडे आलं. इथं हवा पोचत नाही, त्यामुळे जवळजवळ जसंच्या तसं राहिलंय. इथं काही लावलं होतं का?"

काका ओट्यावर बसले.

"लिंबू. बायकोनं. तीनदा लावलं, तिन्ही जळाली. तिसऱ्यांदा मी तिला म्हणालो, तुझ्या हाताला गुणच नाही. त्यानंतर तिनं कुंडीतसुद्धा काही लावलं नाही."

बाईनं नळीचं तोंड बंद केलं. हळूच म्हणाली, "मुळं तिथपर्यंत पोचली असतील, काका." मग कागदावर त्यांची सही घेतली. माती उपसावी लागणार, घर रिकामं करावं लागणार, हे सांगताना तिनं मान वर केली नाही. गाडी गेली. मागं तीन भोकं उरली, दोन टाकीपाशी, एक परसात.

दिवेलागणीला लेकीचा फोन आला. "बाबा, जेवलात का?"

"जेवेन. आधी ऐक. तुझ्या आईच्या हाताला काही दोष नव्हता गं."

"कशाचं बोलताय, बाबा?"

त्यांनी रेडिओ बंद केला, खुर्ची ओढली आणि झडपेपासून सगळं सांगायला घेतलं. पलीकडून लेक नुसतं "हं" म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, "मी येते."

ती आली तेव्हा परसात खोदकाम सुरू झालं होतं. काका खड्ड्याच्या काठावर एकटेच उभे होते आणि यंत्रवाल्याला हात करून सांगत होते, "अजून खाली. अजून आहे."