फेलिस्मिनाचं नाव

"हलू नका ताई, भांग वाकडा जाईल," वेणी घालणारी मोडक्यातोडक्या झुलूत म्हणाली आणि तिनं थांदेकिलेचं डोकं आपल्या गुडघ्यांमध्ये घट्ट धरलं.

थांदेकिलेनं मान ताठ धरली.

समोर पाण्याच्या कडेला तिचा नवरा भेकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून भाजलेला मासा खात उभा होता. डर्बनमध्ये आयुष्यभर बस चालवून तो नुकताच निवृत्त झाला होता आणि बायकोला न विचारता त्यानं जहाजाच्या सफरीची तिकिटं काढली होती. जहाज मोझांबिकच्या या चिमुकल्या बेटापाशी दिवसभर थांबणार, हे तिला बंदर सुटल्यावर कळलं. खाडीच्या पलीकडे मोठं बेट दिसत होतं, इन्याका. थांदेकिलेचा जन्म तिथला. तेव्हा ती फेलिस्मिना होती.

"लिंदानीच्या आई!" भेकी ओरडला. "सासरी निघाल्यासारखं तोंड काय केलंयस? हस की जरा!"

ती हसली. माहेरचं कुणी युद्धात उरलं नाही, एवढंच तिनं त्याला सांगितलं होतं आणि त्यानंही पुन्हा कधी विचारलं नव्हतं.

खरं तर ती जहाजावरच बसून राहणार होती. पण सकाळी माणसं किनाऱ्यावर उतरू लागली आणि वाऱ्याबरोबर तिच्या कानावर आईचा आवाज आला. गिऱ्हाइकाला बोलावणारा, शेवटचा शब्द लांबवणारा. ती त्या आवाजामागे चालत झाडाखाली आली. तिथं चटईवर आई नव्हती. लहान असताना घरी मागे राहिलेली धाकटी बहीण अल्बर्टिना होती, केस पिकू लागलेली, कंगवा हातात घेतलेली. तिनं हिला ओळखलं नाही.

"मुलीचं कसं आहे गं?" शेजारी मासे भाजणाऱ्या जुलियानं बेटावरच्या रोंगा भाषेत विचारलं. हे गिऱ्हाईक आपली भाषा समजत असेल, असं दोघींच्या मनातही आलं नाही.

"फेलिस्मिनाचं ना? नववा लागलाय. पाय सुजलेत नुसते."



"बहिणीचं नाव ठेवलंस, छान केलंस."

"मी कुठलं ठेवतेय! तिनंच ठेवून घेतलं. पोर जन्मली ती दूधच घेईना. नुसती रडायची. शेवटी आई वैदूकडे गेली. तो म्हणाला, तुमची बुडालेली मुलगी घरी यायला बघतेय, हिला तिचं नाव द्या. नाव दिलं तशी लुचायला लागली बघ. आई म्हणाली, आली गं माझी लेक पाण्यातून घरी. मग सुखानं मेली बिचारी."

थांदेकिलेनं डोळे मिटून घेतले. मामीबरोबर सुकी मासळी विकायला ती होडीतून शहरात गेली होती. तिथं बाजारातच मैत्रिणीनं गाठलं, ट्रक दक्षिणेला निघालाय, येतेस का? ती कुणाला न सांगता चढली. पुढे डर्बनमध्ये गावाकडचा एक माणूस भेटला तेव्हा कळलं, परतताना होडी उलटली, कुणीही वाचलं नाही. मी मात्र जिवंत आहे, हे सांगायला तिला तोंड नव्हतं. नंतर उद्या सांगू, पुढच्या वर्षी सांगू, करता करता केस पांढरे झाले. कधीकधी स्वयंपाक करताना मागे कुणीतरी ओल्या पावलांनी उभं आहे, असं वाटायचं. ती वळून बघत नसे.

जुलिया लाकडं आणायला उठली. अल्बर्टिनानं बट जोरात ओढली.

"हळू गं, अल्बे."

शब्द रोंगात गेले होते. त्या नावानं तिला फक्त घरातली माणसं हाक मारायची.

केसांतले हात थांबले. मग बोटं पुन्हा चालू लागली.

"माझी बहीण बुडाली," अल्बर्टिना हलक्या आवाजात म्हणाली.

"मी होडीत चढलेच नाही गं. बाजारातून पळाले."

"आई रोज त्या पाण्याकडे बघत बसायची."

"नुसतं ये म्हण. मी राहते. जहाज जाऊ दे."

"आज-उद्या माझी पोरगी बाळंत होईल. सगळं गाव तिला तुझ्या नावानं हाक मारतं. तू जिवंत समोर उभी राहिलीस, तर ती कोण? तिच्यात कोण येऊन बसलंय मग?"



"शेवटची राहिलीय," अल्बर्टिना म्हणाली. तिनं ती वेणी अगदी बारीक, सावकाश घातली. झाल्यावर तिचा तळहात क्षणभर डोक्यावर तसाच राहिला आणि मग निघाला.

"वा! नवरीच दिसतेस!" भेकी आला. "काय एवढ्या गप्पा चालल्या होत्या?"

"मुलं किती, विचारत होती."

"मग? सांगितलंस ना आपल्या लिंदानीचं?"

"सांगितलं."

दुपार उतरली तेव्हा जहाजाचा भोंगा झाला. ओहोटी लागली होती. बायका डोक्यावर बोचकी घेऊन गुडघाभर पाण्यातून इन्याकाकडे परत चालल्या होत्या. थांदेकिले कठड्याला धरून बघत होती. जुलियानं वळून जहाजाला हात केला, इतर बायकांनीही केला. अल्बर्टिना सर्वांत मागे होती. ती वळली नाही. खाडीच्या मध्यावर ती थांबली, वाकली, ओंजळीनं पाणी घेऊन तिनं कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं. मयतीहून परतलेली माणसं घरात शिरण्याआधी धुतात तसं. मग बोचकं सावरून ती पुढे चालू लागली.