गाठ मोजली का?

आठवीच्या वर्गात माझा एकच धोशा असायचा: पुस्तकात छापलंय म्हणून मानू नका, विचारा, "कशावरून?" सयाजीगंजातल्या आमच्या शाळेत पोरांनी माझं नावच 'कशावरून सर' पाडलं होतं. मलाही त्याची भारी ऐट.

आणि घरी? पुराणातली वांगी पुराणात!

बायकोच्या, मोहनाच्या, छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करू. ती घाबरली आणि मी तिच्याहून जास्त. तिच्या भावाने वाघोडियाच्या कुणा वैद्याचं चूर्ण आणलं. "मटी जशे," वैद्य गुजरातीत म्हणाला, म्हणजे बरं होईल. एवढ्या दोन शब्दांवर मी, विज्ञान शिकवणारा माणूस, ऑपरेशन पुढे ढकललं आणि चार महिने तिला ते चूर्ण मधातून चाटवत राहिलो.

एकदा वर्गात बोलता बोलता सांगून गेलो, की तुमच्या काकूंना चूर्णाने पुष्कळ उतार आहे. पहिल्या बाकावरची इरा ताडकन उभी राहिली.

"कशावरून, सर? गाठ मोजली का?"

मोजली नव्हती. हात लावून बघायचीही हिंमत झाली नव्हती माझी. म्हणूनच पेटलो.

"गप्प बस! दीडशहाणी कुठली! शंका घेतली की औषध लागू पडत नाही, कळलं?"

तास संपेपर्यंत तिला बाहेर उभं केलं.

दिवाळीनंतर मोहनाला परत दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी तारखा विचारल्या आणि मान खाली घातली. होळीच्या आधीच ती गेली. लोक म्हणतात, तिचं आयुष्यच तेवढं होतं. आयुष्य कसलं, डोंबल! मीच घालवली तिला.

तेराव्यानंतर इरा आईबरोबर भेटायला आली. पोरगी पार सुकली होती. आई आत बायकांत जाऊन बसली, तशी ती माझ्याजवळ सरकली.

"सर, मी शंका घेतली, म्हणूनच औषध लागू पडलं नाही ना?"

किती महिने हे मनात घेऊन फिरत होती, देव जाणे. तिचे दोन्ही हात धरून म्हणालो, "नाही गं बाळा. तुझं बरोबर होतं. चुकलो तो मी."

"बरं, सर," ती म्हणाली.

मी वाट पाहिली. तिने 'कशावरून?' विचारलंच नाही.